विश्लेषण : काम कमी, थांबणे जास्त! बांधापासून कारखान्यापर्यंत ‘लीन’ पद्धतीचा हिशेब माणदेशाला काय सांगतो?

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या टाकेवाडी गावाने २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक पटकावला. बक्षीस होते ७५ लाख रुपयांचे. दुसरा क्रमांक विभागून मिळवणाऱ्या दोन गावांपैकी एक भांडवली, तेही माणचेच. जलसंधारणाच्या कामासाठी स्पर्धेत मुदत होती फक्त ४५ दिवसांची, ८ एप्रिल ते २२ मे.

टाकेवाडी ज्या आंधळी परिसरात येते, तिथल्या धरणात कृष्णेचे पाणी आणण्यासाठी जिहे-कठापूर उपसा सिंचन योजना आखली गेली. तिला मंजुरी मिळाली १९९७ मध्ये. पाणी बोगद्यातून आंधळीपर्यंत पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

दोन कामांची थेट तुलना करणे अन्यायाचे ठरेल. समतल चर खोदणे वेगळे आणि नदीचे पाणी उचलून डोंगरापलीकडे नेणे वेगळे. पण दोन्ही कामांना एक प्रश्न सारखाच लागू होतो. एकूण लागलेल्या वेळेपैकी प्रत्यक्ष काम किती वेळ चालले आणि काम कशाची तरी वाट पाहत किती वेळ थांबले? कारखाने आणि बांधकामांमध्ये हा प्रश्न शिस्तीने विचारण्याच्या पद्धतीला ‘लीन मॅनेजमेंट’ म्हणतात. ती नेमकी काय आहे, माणसारख्या भागात ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसते, हे समजून घेऊ.

‘लीन’ म्हणजे काय? हा शब्द आला कुठून?

पद्धत जपानची, नाव अमेरिकेत पडलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. १९५० पर्यंतच्या तेरा वर्षांत टोयोटाने २,६८५ मोटारी बनवल्या होत्या. अमेरिकेतील फोर्डचा रूज कारखाना तेव्हा एका दिवसात सुमारे ७,००० गाड्या बाहेर काढत होता. टोयोटाकडे पैसा नव्हता, जागा नव्हती, मोठी यंत्रे नव्हती. त्यामुळे कारखान्यातील अभियंता ताइची ओनो यांनी हाती आहे त्यातले वाया काय जाते, ते शोधायला सुरुवात केली.

ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, नको ती वाहतूक, नको ती प्रक्रिया, जास्तीचा साठा, माणसाची अनावश्यक हालचाल आणि सदोष काम. जपानी भाषेत नासाडीला ‘मुदा’ म्हणतात. १९८८ मध्ये जॉन क्रॅफसिक या संशोधकाने एका लेखात या उत्पादन पद्धतीसाठी ‘लीन’ म्हणजे सडपातळ, चरबी नसलेली, हा शब्द वापरला. १९९० मध्ये आलेल्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकाने तो जगभर नेला.

टंचाईतून आलेली ही पद्धत टंचाईच्या प्रदेशाला परकी वाटू नये. खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांकडेच पाहा. सोने गाळण्याच्या धंद्यात मूस, राख, जमिनीवरची धूळ यातले काहीही केराच्या टोपलीत जात नाही, कारण त्यात सोने असते हे सगळ्यांना माहीत असते. लीनचे म्हणणे एवढेच, की बांधकामाच्या साइटवर आणि कारखान्यातही अशी धूळ असते. ती दिसत नाही, कारण ती मिनिटांची असते.

‘लीन’ म्हणजे कामगारांकडून भरभर काम करून घेणे का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. एक गवंडी दिवसभरात भिंत बांधतो तेव्हा प्रत्यक्ष वीट बसवण्यात त्याचा वेळ किती जातो, ते एकदा घड्याळ लावून पाहा. उरलेला वेळ मसाला येण्याची वाट पाहणे, परांची हलवणे, विटा लांबून आणणे, चुकलेला थर काढून पुन्हा बसवणे यात जातो. गवंड्याचा हात दीडपट वेगाने चालवायला लावला तर तो थकेल आणि काम बिघडेल. वाट पाहण्याचा वेळ निम्मा केला तर कुणीही न थकता काम पुढे जाईल.

ओनो यांचे सात प्रकार गावातल्या घराच्या बांधकामाला लावून पाहू.

* जास्त उत्पादन : जेवणाच्या सुट्टीआधी दोन घमेली जास्तीचा मसाला कालवणे. तो सुट्टीत आवळतो. मग त्यात पाणी टाकून तोच वापरला जातो आणि भिंत कमजोर होते.
* वाट पाहणे : सेंट्रिंग तयार, पण सळई बांधणारा दुसऱ्या साइटवर.
* वाहतूक : वाळूचा ढीग रस्त्याकडेला, विटा मागच्या बाजूला, मिक्सर मधे. बिगारी दिवसभर घमेली वाहतो.
* नको ती प्रक्रिया : भिंत ओळंब्यात नसल्याने प्लास्टरचा थर दुप्पट जाड देणे.
* साठा : स्वस्त मिळाले म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आणलेले सिमेंट. ओल लागून त्याचे गठ्ठे होतात.
* हालचाल : थापी, पट्टी, सूत शोधण्यात जाणारा वेळ.
* सदोष काम : जोत्याची पातळी चुकली की त्यावरचे सगळेच चुकते.

माणमध्ये या यादीला पाण्याची एक ओळ जोडावी लागते. सातारा एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणला त्याच्या साधारण एक दशांश. उन्हाळ्यात स्लॅबला पाणी मारायचे तर अनेक ठिकाणी टँकर विकत घ्यावा लागतो. अशा कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवणे आवश्यक असते, पोझोलाना किंवा स्लॅग सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत. टँकर ठरवण्याआधी स्लॅब टाकला तर पैसाही जातो आणि मजबुतीही. उलट स्लॅबवर गोणपाट अंथरले आणि कडेने मातीचे आळे केले, तर तेच पाणी जास्त वेळ टिकते. यात यंत्र कुठलेच नाही, फक्त आदल्या दिवशी केलेला विचार आहे.

टाकेवाडीसारख्या गावांच्या कामात ‘लीन’ कुठे दिसते?

वॉटर कपमध्ये कुणी लीन हा शब्द वापरत नव्हते. पण स्पर्धेची रचना पाहिली तर बऱ्याच गोष्टी जुळतात.

पहिली गोष्ट क्रमाची. काम सुरू होण्याआधी प्रत्येक गावातून निवडलेल्या गावकऱ्यांना प्रशिक्षण मिळत असे. त्यानंतर पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावरची कामे. खालचा बंधारा आधी बांधला आणि वरचा उतार मोकळा राहिला, तर पहिल्याच पावसात वाहून आलेला गाळ बंधाऱ्यात बसतो. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर वरच्या टप्प्याचा दोष खालच्या टप्प्यावर येऊन पडतो.

दुसरी गोष्ट तयारीची. पहाटे टिकाव-फावडी घेऊन दोनशे माणसे माळावर आली आणि कुठे खोदायचे याची आखणीच झालेली नसेल तर काय होते, हे श्रमदान केलेला कुणीही सांगेल. अर्धा तास गोंधळ, मग गप्पा, मग ऊन. दुसऱ्या दिवशी दोनशेची शंभर माणसे होतात. म्हणून आखणी आधी, माणसे नंतर. फक्की मारलेल्या रेषा तयार असल्या की आलेला माणूस थेट खोदायला लागतो.

तिसरी गोष्ट चूक जागेवरच पकडण्याची. समतल चर खरोखर समपातळीत नसेल तर पाणी एका टोकाला साठते आणि चर फुटतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन पट्ट्यांवर पातळी दाखवणारे ‘हायड्रोमार्कर’ हे साधन गावकरी शिकले, ते याचसाठी. खोदण्याआधी पातळी तपासायला काही मिनिटे लागतात. शंभर मीटर चर चुकल्यावर तो दुरुस्त करायला माणसे पुन्हा बोलवावी लागतात.

टोयोटाची मुळेही अशीच आहेत. कंपनीचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला यंत्रमाग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यामुळे सदोष कापड विणलेच जात नसे. चूक पुढे जाऊ द्यायची नाही, हे तत्त्व मागालाही लागू आणि चरालाही.

मोठ्या बांधकामांत काम सर्वाधिक कुठे अडते?

कारखान्यात वस्तू फिरते आणि माणसे जागेवर असतात. बांधकामात वस्तू जागेवर असते आणि माणसे फिरतात. गवंडी, सेंट्रिंगवाला, सळईवाला, वायरमन, प्लंबर अशा सगळ्या टोळ्या एकामागून एक त्याच जागेवर येतात. एक टोळी दोन दिवस उशिरा आली की पुढची टोळी दुसऱ्या कामाला निघून जाते आणि मग आठवडाभर येत नाही. दोन दिवसांचा उशीर असा नऊ दिवसांचा होतो.

फिनलंडचे संशोधक लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये ही नवी उत्पादन पद्धत बांधकामाला कशी लागू होईल, यावर अहवाल लिहिला. त्यांच्या पुढील मांडणीनुसार बांधकामातील कोणतेही काम सुरू होण्यासाठी सात गोष्टी हजर लागतात. नकाशा, साहित्य, माणसे, यंत्रे, जागा, आधीचे पूर्ण झालेले काम आणि बाहेरची परिस्थिती, म्हणजे हवामान, परवानग्या वगैरे. सातपैकी सहा असल्या तरी काम होत नाही.

अमेरिकेतील ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी यावर ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत विकसित केली. आठवड्याला कोणते काम होणार, हे ऑफिसातला मॅनेजर एकटा ठरवत नाही. ते करणाऱ्या टोळीचा मुकादम सर्वांसमोर सांगतो. आठवड्याच्या शेवटी एकच आकडा काढतात. कबूल केलेल्या कामांपैकी किती पूर्ण झाली? दहापैकी सहा झाली तर ६० टक्के. अर्धवट झालेले काम मोजायचे नाही. त्यांच्या सुरुवातीच्या पाहणीत हा आकडा सरासरी ५४ टक्के निघाला होता. म्हणजे सोमवारी ठरलेल्या कामांपैकी जवळपास निम्मी त्या आठवड्यात होतच नव्हती, आणि तीही अनुभवी कंत्राटदारांच्या साइटवर.

पदवीनंतर काही महिने मी एका कंत्राटदाराकडे प्रशिक्षणार्थी होते. शाळेच्या दोन खोल्यांचे काम होते. स्लॅबची तारीख तीनदा पुढे गेली. पहिल्यांदा सळई आली, पण ती बांधणारे दुसऱ्या साइटवर गेले. दुसऱ्यांदा सगळे तयार होते, पण सळईची तपासणी करायला येणाऱ्या अभियंत्याला कुणी कळवलेच नव्हते. तिसऱ्यांदा मिक्सर बंद पडला. माझ्या वहीत तेव्हाच्या बावीस दिवसांची नोंद आहे. त्यातले स्लॅबशी संबंधित प्रत्यक्ष काम चार दिवसांचे होते. बाकी अठरा दिवस कुणीही आळशीपणा केला नव्हता. प्रत्येक जण कुठे तरी राबत होता. काम मात्र थांबलेले होते. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा पोरे देवळाच्या ओवरीत बसली.

लीन शिकताना सर्वात आधी हाच फरक डोळ्यांत भरतो. माणूस कामात आहे की नाही, हे आपण पाहतो. काम पुढे सरकते आहे की नाही, हे पाहत नाही.

एकाच वेळी सगळी कामे काढली तर लवकर होतील ना?

होणार नाहीत. यामागे एक साधे गणित आहे. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केले, म्हणून त्याला ‘लिटलचा नियम’ म्हणतात. एखादे काम पूर्ण व्हायला लागणारा सरासरी काळ म्हणजे हातात असलेल्या कामांची संख्या भागिले कामे पूर्ण होण्याचा वेग. वेग तोच ठेवून हातातली कामे दुप्पट केली, तर प्रत्येक कामाला लागणारा काळही दुप्पट होतो.

माणच्या भाषेत मांडू. समजा दहा मातीचे बांध घालायचे आहेत. एक पोकलेन, दोन टिपर आणि एका बांधाला एक महिना. काम जानेवारीत सुरू झाले. जूनमध्ये पाऊस येणार, म्हणजे हातात पाच महिने.

एकामागून एक काम केले तर मेअखेर पाच बांध पूर्ण होतात आणि पाच ठिकाणी पाणी अडते. दहाही गावांना खूश ठेवण्यासाठी दहाही कामांचे नारळ फोडले आणि यंत्रे थोडी थोडी फिरवत ठेवली, तर मेअखेर दहाही बांध ५० टक्के झालेले असतात. कागदावर प्रगती तेवढीच, खर्चही तेवढाच. अडलेले पाणी मात्र शून्य. वर पहिल्याच वळवाच्या सरीत अर्धवट भराव वाहून जाण्याची भीती.

राज्यातील सिंचन प्रकल्पांचे दुखणे बऱ्याच अंशी हेच आहे. जमीन ताब्यात नसताना, वन विभागाची मान्यता नसताना कामे सुरू करणे आणि उपलब्ध निधी अनेक प्रकल्पांत वाटून टाकणे, यावर ‘कॅग’नेही २०१४ च्या अहवालात बोट ठेवले होते. जिहे-कठापूरला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे २६९ कोटी रुपये होता. सुधारित खर्च पुढे १,३३० कोटींवर गेला. वाढलेल्या आकड्यात महागाई आणि कामाची वाढलेली व्याप्ती दोन्ही आहेत. पण थांबलेल्या कामाची किंमत केवळ कोटींत मोजून भागत नाही. पाणी न आलेल्या प्रत्येक वर्षी माणमधून कुणी ऊसतोडीला गेले, कुणी मुंबईला माथाडी कामाला, तर कुणी मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात. २०१९ च्या सुरुवातीलाच, उन्हाळा लागण्याआधी, म्हसवडला माणदेशी फाउंडेशनला चारा छावणी उघडावी लागली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. टाकेवाडीने ४५ दिवसांत कामे केली म्हणून ढग वेळेवर आले नाहीत. लीन पाऊस पाडत नाही. पाऊस येईल तेव्हा काम पूर्ण असेल, एवढेच ते पाहते. आणि दुष्काळी भागात वर्षात मोजक्याच सरी येत असतील, तर ‘एवढेच’ हेच खूप असते.

छोट्या कारखानदाराला याचा काय उपयोग?

सिमेंट ब्लॉक बनवणाऱ्या एखाद्या युनिटचे उदाहरण घेऊ. गावोगावी अशी युनिट दिसतात. ग्राहकाला हवे असतात सहा इंची ब्लॉक आणि यार्डात थप्पी लागलेली असते चार इंचींची. कारण विचारले तर मालक सांगतो, ‘साचा बदलायला अर्धा दिवस जातो, म्हणून एकदा लावला की आठवडाभर तोच चालवतो.’ अर्धा दिवस वाचवण्यासाठी तो महिन्याचे सिमेंट, खडी आणि मजुरीचे पैसे उन्हात थप्पी लावून ठेवतो.

लीनचा प्रश्न असा, की साचा बदलायला अर्धा दिवस का लागतो? जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी ९० मिनिटांवर आणि मग तीन मिनिटांवर आणला. युक्ती सोपी होती. यंत्र थांबवल्याशिवाय करताच येणार नाहीत ती कामे वेगळी काढली आणि यंत्र चालू असताना करता येतील ती आधीच उरकून घेतली. ब्लॉकच्या युनिटमध्ये याचा अर्थ असा, की नवा साचा साफ करून, तेल लावून यंत्राशेजारी ठेवायचा. त्याला लागणारे पाने आणि बोल्ट एका पेटीत. यंत्र थांबवायचे ते फक्त काढण्या-बसवण्यापुरते. अर्ध्या दिवसाचा तास झाला, तरी मालक रोज मागणीप्रमाणे माल काढू शकतो.

वाट पाहण्याचेही दोन प्रकार असतात, हे इथे लक्षात ठेवायला हवे. ब्लॉक ओले ठेवून मुरवण्याचे दिवस कमी करणे म्हणजे लीन नव्हे, ती फसवणूक आहे. सिमेंटला ताकद धरायला वेळ लागतोच. मुरून तयार झालेला ब्लॉक गिऱ्हाईक नाही म्हणून महिनाभर पडून राहतो, ती नासाडी.

मग साठा अजिबात करायचा नाही का?

लीनचे पुस्तकी ज्ञान आणि माणदेशी अनुभव यांची टक्कर होते ती या मुद्द्यावर. ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढेच’ हे टोयोटाचे सूत्र. दुष्काळी भागातील माणूस मात्र बेगमी करून जगतो. कडब्याची गंज आणि धान्याची कणगी हा त्याचा विमा असतो. त्याला ‘साठा म्हणजे नासाडी’ सांगितले तर तो हसेल, आणि त्याचे हसणे चुकीचे नाही.

खुद्द टोयोटानेही हा धडा घेतला. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत पुरवठा तुटल्यानंतर कंपनीने महत्त्वाच्या सुट्या भागांचा, विशेषतः सेमीकंडक्टर चिपचा, काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला सुरुवात केली. २०२१ च्या चिपटंचाईत इतर कंपन्यांचे कारखाने बंद पडू लागले, तेव्हा हाच साठा टोयोटाला बराच काळ तारून गेला.

म्हणजे नियम ‘साठा नको’ असा नाही. साठा कशासाठी आहे, हे सांगता आले पाहिजे. पुरवठा अनिश्चित आहे म्हणून ठेवलेला साठा ही बेगमी. साचा बदलायचा कंटाळा, मोजदाद नाही किंवा स्वस्त मिळाले म्हणून साठलेला माल ही नासाडी. म्हसवडच्या बांधकामासाठी टँकर येण्याआधी टाकी भरून ठेवणे शहाणपणाचे. त्याच बांधकामावर चार महिन्यांनी लागणारी फरशी आजच आणून रचणे नाही.

कामगारांचे नुकसान होते का?

होऊ शकते, आणि जगभर झालेही आहे. अनेक कंपन्यांनी लीनच्या नावाखाली माणसे कमी केली आणि उरलेल्यांवर ओझे टाकले. अशा ठिकाणी पद्धत फार काळ टिकत नाही. कारण साधे आहे. नासाडी कुठे होते, हे सर्वात जास्त काम करणाऱ्याला कळते. ती दाखवल्याने आपलाच रोज जाणार असेल, तर तो गप्प बसतो.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. काम रोजंदारीवर असेल तर थांबलेल्या दिवसाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. काम उक्ते दिले असेल तर तोच थांबलेला दिवस मजुराच्या पोटावर येतो. वाळू आली नाही ही चूक कंत्राटदाराची, पण बसून राहिलेल्या उक्त्या गवंड्याला त्या दिवशी काहीच मिळत नाही. त्यामुळे काम थांबण्याची कारणे लिहिली जाणे हे मजुराच्याही हिताचे आहे. उशीर कुणामुळे झाला, हे कागदावर आले की ‘तुम्हीच सावकाश करता’ हा आरोप टिकत नाही. वेळ वाचल्यावर झालेल्या फायद्यातला वाटा टोळीला मिळणार का, हे मात्र आधी ठरायला हवे. तेवढे ठरल्याशिवाय लीनची सुरुवात करू नये.

सरकारची काही योजना आहे का?

आहे. केंद्रीय सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाने २००९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेली लीन योजना १० मार्च २०२३ रोजी ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना’ म्हणून नव्याने आणली. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादक उद्योगांसाठी तिच्यात प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन टप्पे आहेत. सल्लागार आणि अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलते. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या उद्योजकांना आणखी पाच टक्क्यांची सवलत आहे.

माणसाठी याचे महत्त्व पुढच्या काळात वाढू शकते. मुंबई-बेंगळुरू औद्योगिक कॉरिडॉरसाठी म्हसवड-धुळदेव परिसराचे नाव पुढे आलेले आहे. मोठे उद्योग आले तर त्यांना पुरवठा करणारी छोटी युनिट लागतात. पण मोठी कंपनी पुरवठादार निवडताना ‘गाव जवळ आहे’ एवढ्यावर थांबत नाही. माल वेळेवर येतो का, दोष किती निघतात, याच्या नोंदी मागते. त्या नोंदी एका रात्रीत तयार होत नाहीत.

सुरुवात कशी करायची?

यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. एक वही किंवा भिंतीवरचा फळा पुरतो.

१. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटे सगळ्या टोळ्यांच्या मुकादमांना एकत्र बोलवा. या आठवड्यात काय पूर्ण करणार, हे त्यांनाच सांगू द्या.

२. ज्या कामासाठी नकाशा, साहित्य, माणसे, यंत्र, जागा, आधीचे काम आणि परवानगी यातले काही कमी असेल, ते यादीत घेऊ नका. आधी ती कमतरता दूर करा.

३. शनिवारी मोजा. झाले किंवा नाही झाले, दोनच खाने. ‘होत आलंय’ हा तिसरा खाना नको.

४. जे झाले नाही त्यापुढे कारण लिहा, माणसाचे नाव नको. ‘वाळू आली नाही’ हे कारण आहे. ‘अमक्याने हलगर्जी केली’ हे भांडण आहे.

५. चार आठवड्यांनी वही उलगडा. सर्वात जास्त वेळा आलेले एकच कारण निवडा आणि आधी तेवढेच दुरुस्त करा.

६. हातातली कामे संपल्याशिवाय नव्या कामाचा नारळ फोडू नका.

यातला शेवटचा नियम सर्वात अवघड आहे. नारळ फोडण्याचे फोटो छापून येतात, पूर्ण झालेल्या कामाचे क्वचितच. आपल्या गावात पुढच्या वेळी एखाद्या कामाचे भूमिपूजन होईल, तेव्हा ‘निधी किती’ या प्रश्नासोबत ‘आधीची किती कामे अर्धवट आहेत’ हा प्रश्नही विचारायला हरकत नाही.